आउनेमावशीचं घर बंद करताना

१

घर हिवाळ्यासाठी बंद करायला मला चार तास पुरतात. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, वेगळी बांधलेली असेल तर पाच. आधी गरम पाण्याची टाकी रिकामी करायची, मग पंप बंद करायचा, मग तळघरातला सगळ्यात खालचा नळ सोडायचा आणि वर येऊन घरातले झाडून सगळे नळ उघडे ठेवायचे. नळ्यांत राहिलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून काढायचं. मोरीच्या वाकड्या नळीत आणि संडासात न गोठणारं द्रव ओतायचं. फ्रिज पुसून त्याच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवायचा, गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, म्हणजे उंदीर त्यात बिऱ्हाड करत नाहीत. सगळ्यात शेवटी वीज. एवढं नीट केलं की बाहेर उणे पस्तीस झालं तरी घराचं काही वाकडं होत नाही. हे मूळचं माझ्या नवऱ्याचं, ताइस्तोचं काम. तो जाऊन सात वर्षं झाली. कॉम्प्रेसर अजून चालतो, म्हणून मीही चालते.

सारिवाराच्या तळ्याभोवतीची तेवीस घरं माझ्याकडे आहेत. सगळी उन्हाळी घरं, मालक शहरात. आउनेमावशीचं घर त्यांत कधीच नव्हतं, कारण ती बारा महिने तिथेच राहायची. ते घर तिच्या नवऱ्यानं बांधलं त्याला पासष्ट वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते एकदाही थंड पडलेलं नव्हतं. मावशीचं वय शहाऐंशी. गेली दोन वर्षं ती विसरायला लागली होती. एकदा मला ताइस्तो कसा आहे म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, बरा आहे. उगाच कशाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या मुलाचा, ओस्मोचा फोन आला. ओस्मो आणि मी एका वर्गात होतो. तो आता तीन तासांवर ओउलूला असतो.

"राइली, आईला इकडे आणलंय मी. घर बंद करून टाकशील का?"

"तयार झाली ती? दोन वर्षं तर तुला दारातून परत पाठवत होती."

"झाली," तो म्हणाला.

"कशी?"

"झाली गं. किल्ली लाकडांच्या खोपटात आहे, नेहमीच्या जागी."

ओस्मोला शाळेत असल्यापासून खोटं बोलता येत नाही. तो नुसता आखूड बोलायला लागतो. पण मला आणखी आठ घरं उरकायची होती आणि हवामानवाले थंडीची लाट येणार म्हणून सांगत होते. मी जास्त खोदून विचारलं नाही.

२

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि माझा पाराच चढला. टेबलावर अर्धा कप कॉफी. तिच्यावर साय धरलेली. शेजारी वेलदोड्याच्या पावाचा एक घास खाल्लेला तुकडा, चष्मा, आणि पेन्सिलीनं अर्धवट भरलेलं शब्दकोडं. खुंटीवर तिचा हिवाळी कोट. शहाऐंशी वर्षांच्या बाईला ऑक्टोबरात कोटाशिवाय नेलं? चष्म्याशिवाय? पुरुषांनी बांधाबांध केली की असंच होतं, असं म्हणून मी कप विसळला, पाव पक्ष्यांना टाकला आणि तळघरात उतरले.

तळघरात मी अवजारं मांडत होते तेवढ्यात पंप सुरू झाला.

त्या घराला स्वतःची विहीर आहे. पंप पाणी ओढून लोखंडी टाकीत भरतो, टाकीवर दाबाचा काटा असतो. घरात कुठे पाणी वापरलं की काटा उतरतो, फार उतरला की पंप आपोआप चालू होतो. मी कप विसळला होता, त्यामुळे काटा थोडा उतरला असणारच. पंप थांबला. मी पाना उचलला. काटा परत जरासा उतरला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. विहिरीतला व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा एकसारखा, हळूहळू उतरतो. हा तसा उतरत नव्हता. थोडा उतरायचा, थांबायचा, जरा वेळानं पुन्हा थोडा. एकदा एखादं भांडं भरावं एवढा, एकदा नुसते हात ओले करावेत एवढा. मी वर जाऊन सगळे नळ पाहिले. सगळे घट्ट बंद. संडासाची टाकी भरलेली, कुठे थेंब नाही. स्वयंपाकघरातली मोरी ओली होती, पण ती मीच ओली केली होती. घड्याळात दोनला पाच कमी होते. आमच्याकडे या वेळेला प्रत्येक घरात कॉफीचं पाणी चढलेलं असतं. हे मला तेव्हा सुचलं आणि मी ते झटकूनही टाकलं. पंप जुना, काटा जुना, आणि मीही काही कोवळी नाही.

मी खाली जाऊन पंपाचं बटण बंद केलं आणि खालचा नळ सोडला. पाणी धो धो गटारात गेलं. काटा शून्यावर आला.

मिनिटभरात खिशातला फोन वाजला. ओस्मो होता.

"तू घरी आहेस ना? आईला मी सांगितलं राइली आज घराकडे गेलीय, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचंय म्हणतेय. दोन शब्द बोल, मग गप्प बसेल."

मग मावशीचा आवाज आला. खणखणीत होता.

"राइली, पाणी का गं घालवलंस? मी आत्ता कॉफीचं भांडं धरलं होतं नळाखाली. अर्धंच भरलं."

पलीकडे ओस्मोनं फोन घेतला.

"मनावर घेऊ नकोस. तिला वाटतं ती घरीच आहे. इथे सकाळपासून खिडकीशी बसून आहे, नळ कुठे आहे तेही तिला माहीत नाही."

"घर बंद करायचं म्हणजे आधी पाणीच घालवतात," मी म्हणाले. "पासष्ट वर्षं इथे काढल्यावर एवढं कुणालाही कळेल."

"तेच ना," ओस्मो म्हणाला. दोघांनीही एकमेकांची समजूत काढली आणि फोन ठेवला.

३

कॉम्प्रेसर लावला. त्याच्या आवाजात माणसाला काही सुचत नाही हे बरं असतं. नळांतून आधी थुंकल्यासारखं पाणी आलं, मग नुसती हवा. मी एकेक नळ पूर्ण उघडा सोडत गेले. बंद नळाच्या मागे पाणी अडकलं तर ते गोठून नळी फोडतं, म्हणून बंद नळ हे आमच्या धंद्यातलं पाप आहे. ताइस्तो तर निघताना प्रत्येक नळावर हात ठेवून बघायचा. मलाही तीच खोड.

झोपण्याच्या खोलीत पलंगावरची गादी उचलली. मधोमध ती उबदार होती. हीटर चालू होते, खोलीत वीस अंश होते, गादी गार कशी असणार? पण कडेला ती गार होती. मी हात मधोमध ठेवला, मग कडेला, मग परत मधोमध. मग स्वतःचाच राग येऊन ती भिंतीला उभी केली.

परत स्वयंपाकघरात आले तर मोरीचा नळ बंद होता.

मी तो उघडला होता. याबद्दल मी शपथ घेतली असती. पण शपथ घेणाऱ्या माणसांच्या नळ्या फुटलेल्या मी पाहिल्यात, तेव्हा मी नळ पुन्हा उघडला आणि मोठ्यानं म्हणाले, "हा उघडा आहे." माझाच आवाज मला आवडला नाही.

राहिली चूल. तिच्या स्वयंपाकघरात विटांची मोठी चूल आहे. एकदा तापली की रात्रभर ऊब धरते. धुराड्यावर लोखंडी झडप, तिला साखळी. सारिवारात एक रीत आहे. घर सोडताना ती झडप घरात राहणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लावायची, आणि आपण कुठे चाललोय, कधी येणार, ते मोठ्यानं सांगायचं. का, ते कुणी कुणाला विचारत नाही. इंजिनियर असलेले मालकसुद्धा मला येऊ देण्याआधी झडप लावून, चुलीसमोर पुटपुटून जातात. माझं काम फक्त ती नीट बसलीय की नाही ते बघायचं.

आउनेमावशीची झडप उघडी होती.

मी ओस्मोला फोन लावला. "झडप तिनं लावली नाही?"

पलीकडे त्यानं कुठलंतरी दार लावून घेतलं.

"घाईत राहिलं असेल. लाव ना तू. एक साखळी तर ओढायची."

चुलीतली राख गार होती, निखारा उरलेला नव्हता. मी साखळी ओढली. झडप खाली बसली तेव्हा धुराड्यात खडखडलं, तसं सगळ्याच घरांत खडखडतं. त्या वेळी जे मोठ्यानं बोलायचं असतं ते मी बोलले नाही, कारण काय बोलायचं तेच मला कळेना. ते माझं घर नव्हतं आणि मी कुठे जात नव्हते.

ही माझी चूक. ओस्मोची वेगळी, तिच्याकडे येतेच मी.

४

तिसऱ्या दिवशी थंडी उतरली. सकाळी उणे चौदा. तळ्याच्या काठाला पातळ बर्फ धरलेला. मी सातव्या घराच्या तळघरात होते तेव्हा ओस्मोचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"राइली, आई गारठलीय."

"म्हणजे?"

"घरात चोवीस अंश आहेत. तीन गोधड्या घातल्यात. पायाशी गरम पाण्याच्या बाटल्या आहेत. तरी दात वाजतायत तिचे. काल दवाखान्यात नेलं, अंगाचं तापमान सदतीसच्या जागी चौतीस भरलं. पुन्हा पुन्हा मोजलं त्यांनी. रक्त तपासलं, सगळं तपासलं, काही सापडत नाही. डॉक्टर म्हणाली, असंच उतरत गेलं तर दोन-तीन दिवस काढेल, फार तर."

मी पायरीवर बसले.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणते, राइलीनं दिवा घालवला. म्हणते, माझी गादी भिंतीला उभी केलीय, आता मी स्वयंपाकघरात बाकावर बसून राहते." मग त्यानंच विचारलं, "गादी उभी केलीस का तू?"

"सगळ्या घरांत करतात ओस्मो."

"मला माहितेय सगळ्या घरांत करतात!" तो ओरडला. मग लगेच नरमला. "सॉरी. मला माहितेय."

मी विचारलं. तीन दिवसांपूर्वीच विचारायला हवं होतं.

"तिला घरातून कसं नेलंस, ते सांग."

"काहानी गावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "कॉफी पीत होती. म्हणाली, कप राहू दे तसाच, दोनच्या कॉफीपर्यंत येऊच आपण परत. मी म्हटलं, हो. काहानी गेलं तरी गाडी चालवतच राहिलो. तिनं एकदाच विचारलं, मग विचारलं नाही."

"अरे गाढवा," मी म्हणाले. पलीकडे साठीचा माणूस हमसून रडत होता आणि मला त्याची दयाही येत होती आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

"त्याशिवाय ती आली नसती राइली. एकटी मरून पडली असती तिथे."

तेही खोटं नव्हतं.

५

मी हातातलं घर तसंच टाकून मावशीकडे गेले. दुपारचे बारा. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला, अंगणात लख्ख ऊन. दार उघडलं तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. बंद घर असंच असतं, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते खिडकीत.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बाक आहे, अंगणाकडे आणि रस्त्याकडे तोंड करून. त्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी धरली होती. पूर्ण काचेवर नाही. थाळीएवढ्या एका गोलावर. बाकावर माणूस बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल बरोबर तिथे.

ताइस्तोबरोबरची धरून मी तीस वर्षं बंद घरं बघतेय. पाणी काढलेल्या, कोरड्या, रिकाम्या घरात काचेला आतून बर्फ धरत नाही. त्याला ओल लागते. ओल नळातून येते, स्वयंपाकातून येते, नाहीतर श्वासातून. नळ मी तपासले, सगळे उघडे आणि कोरडे. स्वयंपाक तर नव्हताच.

मी हातमोजे काढून त्या नक्षीच्या कडेला नखानं रेघ मारली आणि मनात साठ मोजले. रेघेच्या पलीकडे बोटभर नवी नक्षी चढली. मध्येच थांबे, मग चढे. थांबे, चढे. त्याच तालात आपलाही श्वास चाललाय हे लक्षात आल्यावर मी माझा श्वास रोखला. नक्षी चढत राहिली.

मी मागे सरले ती चुलीला जाऊन टेकले. पळून का गेले नाही हे मला अजून सांगता येत नाही. घाबरले होतेच. पण चौतीस हा आकडा डोक्यातून जात नव्हता, आणि माझे हात आपोआप कामाला लागले होते. झडप उघडली, चुलीत बर्चच्या झाडाची साल घातली, वर बारीक लाकडं रचली आणि काडी लावली. मग फोन लावला.

"ओस्मो, तिच्याजवळ बस. अंग मोजत राहा. मी चूल पेटवलीय."

"तू काय केलंस?"

"चूल पेटवलीय म्हटलं ना. हसायचं असेल तर उद्या हस."

तो हसला नाही. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. चौतीस पूर्णांक आठ. तासाभरानं पस्तीस पूर्णांक दोन. मावशीनं डोळे उघडून गरम सूप मागितलं होतं.

६

संध्याकाळी आमचं ठरलं. उपाय म्हणावा असा आम्हा दोघांच्या डोक्यात एकच होता, आणि तो फोनवर उच्चारायची दोघांनाही लाज वाटत होती. शेवटी तोच म्हणाला. "तिला उद्या घेऊन येतो. तिला खरं सांगतो. तिच्या हातानं झडप लावू दे, घराचा निरोप घेऊ दे. मग ती आमच्याबरोबर येईल. सगळीच येईल."

"सगळीच" हा शब्द त्यानं वापरला.

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे."

माझी शेवटची दोन घरं तशीच पडली होती, त्यांच्या नळ्या फुटल्या असत्या तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी मी बसले. चुलीपाशी स्टूल ओढून, खिडकीकडे पाठ करून. लाकूड घालायचं, राख ओढायची, हात शेकायचे. हळूहळू घर तापायला लागलं तसे आवाज सुरू झाले. भिंतीची लाकडं तडकली, फळी कुरकुरली. तापलं की लाकूड फुगतं, त्याला कोण काय करणार. बाकसुद्धा लाकडाचाच होता. तो कुरकुरला तेव्हाही मी तेच म्हटलं. पण भिंती एकदाच तडकून गप्प झाल्या आणि बाक मात्र मधूनमधून कुरकुरत राहिला, बसून बसून अवघडलेलं माणूस जागा बदलतं तसा.

"मावशी," मी मागे न बघता म्हणाले, "ओस्मो येतोय उद्या. अकरापर्यंत."

बाक गप्प झाला. नंतर मी घरी जाईपर्यंत त्यानं आवाज केला नाही. मी चूल ओंडक्यांनी भरली आणि सात वाजता निघाले. सकाळी उजाडताना परत आले तेव्हा विटा अजून कोमट होत्या, मी पुन्हा लाकडं घातली. ओस्मोचा निरोप होता: रात्र बरी गेली, छत्तीस, आम्ही निघालोय.

मला इतकं हलकं वाटलं की मी अंगणात रात्री पडलेला बर्फ झाडून पायऱ्यांवर वाळू टाकली.

७

अकराला दहा कमी असताना गाडी आली. ओस्मोनं आईला धरून उतरवलं. मावशी सुनेच्या निळ्या कोटात होती, गालांवर रंग होता. कालच मरायला टेकलेली बाई म्हणून कुणी ओळखली नसती. मी पायऱ्यांवरून खाली उतरून तिचा दुसरा हात धरला.

"मावशी, ओळखलंस का?"

"ताइस्तोची बायको," ती म्हणाली. "जाडी झालीस गं."

ओस्मो हसला. मीही हसले. त्यानं तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सांगितलं. मानलं मी त्याला. काही लपवलं नाही. म्हणाला, आई, मी तुला फसवून नेलं. डोळ्यांचा डॉक्टर नव्हताच. तू आता आमच्याकडे राहणार आहेस. आज तुझ्या हातानं घर बंद कर. माझं चुकलं.

मावशी ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती.

"ती कोण बाई?" तिनं विचारलं.

"कुठे?"

"माझ्या खिडकीत बसलीय ती."

ओस्मोनं वळून पाहिलं. मी पाहिलं नाही. मी मावशीच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.

"कुणी नाही आई. काचेत तूच दिसतेयस."

"काहीतरीच. मी उभी आहे. ती बसलीय."

"काच वाकडी असते जुनी, त्यामुळे..."

"डोक्याला रुमाल बांधलाय तिनं. हातमोजे घातलेत घरात बसून." मावशीनं डोळे बारीक केले. तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं, गाडीच्या खिडकीतून परक्या स्टेशनवरचं माणूस बघताना असतं तेवढंच. "थंडी वाजत असेल बिचारीला. तिला न्यायला कुणी येणार आहे का?"

ओस्मो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

"आत चल आई," तो म्हणाला. "एवढी झडप लाव. मी धरतो तुला."

तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि काढून घेतलं.

"लोकांच्या घरात असं घुसायचं नसतं," ती म्हणाली. "मला घरी ने ओस्मो. तिकडे सूप आहे."

आम्ही खूप समजावलं. मी तर हात जोडले. ओस्मोनं तिला उचलून न्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती इतक्या जोरानं किंचाळली की तळ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. त्यानं तिला खाली ठेवलं. मग ती आपणहून गाडीकडे चालायला लागली, हळू, पण मागे एकदाही न बघता.

तिला बसवून, पट्टा लावून तो माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते, तरी चेहऱ्यावरचा ताण सुटला होता.

"ऐकलंस ना? घरी ने म्हणाली. आमच्या घराला घर म्हणाली ती." त्यानं माझा दंड दाबला. "म्हणजे आली ती सगळी. छत्तीसच्या वर आहे सकाळपासून. आता काही होणार नाही. तू झडप लाव, कुलूप घाल आणि मोकळी हो. फार केलंस राइली."

सकाळपासून चूल पेटती होती, तिच्या अंगातली ऊब त्या चुलीचीच असेल, हे मी त्याला बोलून दाखवू शकले असते. तो आधीच गाडीकडे वळला होता. काचेतून मावशीनं मला हात हलवून दाखवला.

गाडी बर्चच्या रांगेतून गेली, चढ चढली, वळणावर नाहीशी झाली. मी पायऱ्या चढून आत गेले. कुलूप हातात होतं. साखळी ओढायची, बाहेर पडायचं, एवढंच करायचं असं मी ठरवलं होतं, आणि बाकाकडे बघायचं नाही असंही ठरवलं होतं.

बघितलं.

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. खांदे लहानसे, रुमालाची गाठ मानेवर. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. निघायची सगळी तयारी करून बसलेल्या बाईसारखी ती रस्त्याकडे बघत होती. रस्ता रिकामा होता.

माझ्या तोंडात सोपी उत्तरं आली होती. येतील आत्ता. पेट्रोल भरायला गेलेत. ती गिळायला मला किती जड गेली ते मलाच माहीत.

"ते गेले मावशी," मी म्हणाले. "तुला न घेता गेले."

ती वळली नाही. मग तिनं उजव्या हाताचा मोजा काढायला सुरुवात केली, एकेक बोट सोडवत, सावकाश. तो पर्समध्ये ठेवला. मग डावा.

चुलीजवळच्या लाकडांच्या पेटीत दोनच ओंडके उरले होते. मी टोपली घेतली आणि खोपटातून लाकडं आणायला गेले.